थोरलीच्या नावाची खोली

पाटीची गोष्ट शेवटी आत्याच्या तोंडून निसटली. आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे काचवाल्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दादाने तिलाच विश्वासात घेतलं, म्हणजे चूक त्याचीच म्हणायची.

नव्या शाळेचं उद्घाटन त्या दिवशी सकाळी होतं. मावशी स्वयंपाकघरात चहाचं दुसरं आधण ठेवत होती. आत्या स्टुलावर बसून बिस्किटं बुडवत होती. परगावच्या इस्पितळात डॉक्टर असलेली चिमी आदल्या दिवशीच येऊन राहिली होती, ती आरशासमोर केस विंचरत होती. दादा शाळेच्या समितीचा अध्यक्ष, त्यामुळे त्याच्या कानाचा फोन हटत नव्हता. बारक्या दारात बसून बूट पुसत होता आणि मध्येच दादाच्या फोनवरच्या आवाजाची नक्कल करत होता.

"पाटी नीट गुंडाळलीस ना रे?" आत्या दादाला म्हणाली. "गाडीत मांडीवर घेऊन बस. तुझ्या बापाने जीव ओतलाय तिच्यात."

"कसली पाटी, वन्सं?" मावशीने विचारलं.

चिमीचा कंगवा केसांतच थांबला. दादाने "नंतर बोलतो" म्हणून फोन बंद केला. आत्याचं बिस्कीट कपात पडलं, आणि ती ते चमच्याने काढण्यात अशी काही गुंतली की जणू घरात दुसरं काही घडतच नव्हतं.

"मावशी," दादा म्हणाला, "बालवर्गाच्या खोलीला आईचं नाव द्यायचं ठरलंय. समितीनेच ठरवलं. गोदामात शाळा भरायची तेव्हा बालवर्ग तिनेच सुरू केला ना. म्हणून बाबांनी काचेची पाटी केलीय."

"कधी ठरलं?"

"झाले की थोडे दिवस."

"आणि मला आज कळतंय."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला कशाला वाईट वाटेल?" मावशीने चहात साखर घातली. एकदा घातलेली होती, हे तिच्या लक्षातही आलं नाही. "माझी सख्खी बहीण होती ती. तुमच्या आधी माझी होती."

तिने हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं की दादाला हायसं वाटलं. चिमीला मात्र वाटलं नाही. तिने आरशातूनच मावशीकडे पाहिलं आणि नजर वळवली.

मावशी म्हणजे दादा आणि चिमीची खरोखरीच मावशी. त्यांची आई, थोरली, तापात गेली तेव्हा दादा तीन वर्षांचाही नव्हता आणि चिमी रांगत होती. धाकटी बहीण एक पिशवी घेऊन महिनाभर मुलं सांभाळायला आली. महिन्याचं वर्ष झालं, वर्षाने मेहुण्याशी लग्न झालं, पण मुलांच्या तोंडचं 'मावशी' काही सुटलं नाही. पुढे बारक्या झाला, तिच्या स्वतःच्या पोटचा. त्याने भावंडांचं ऐकून पहिला शब्द काढला तोही 'मावशी'. सगळे पोट धरधरून हसले होते. तीही हसली होती. मग वस्तीही तिला मावशी म्हणू लागली, आणि आई या शब्दावर या घरात एका फोटोचाच हक्क राहिला.

तसं बहिणीचं उतरलेलं वापरायची सवय तिला लहानपणापासूनची. थोरलीचे फ्रॉक, थोरलीचं दप्तर, थोरलीच्या टाचेने झिजलेल्या चपला. नंतर थोरलीचं स्वयंपाकघर, थोरलीची पोरं, थोरलीचा नवरा. कुठल्याही वस्तूची पहिली घडी मोडायचं तिच्या नशिबातच नव्हतं. सवत जिवंत असती तर भांडता तरी आलं असतं. मेलेल्या सवतीशी, तीही सख्खी बहीण, कुणी कसं भांडावं?

"पुराच्या वर्षी गोदामात पाणी शिरलं," बारक्या दारातूनच म्हणाला, "तेव्हा बालवर्ग कुठे भरला होता रे दादा? ह्याच घरात ना? चार महिने आपण पोरांच्या रांगेत बसून जेवलो. त्याची पाटी कोण करणार?"

"बारक्या, आज तरी सुरू करू नकोस."

"मी काय सुरू केलं? विचारलं फक्त."

"तो विषय वेगळा आहे," चिमी म्हणाली. "आई त्या शाळेसाठी राबली. तिचं म्हणून जगात एवढंच उरणार आहे. त्यातही वाटणी हवी का तुला?"

"ताई, तू वर्षातून दोनदा येतेस..."

"पुरे," मावशी म्हणाली. "चहा घ्या. निवतोय."

सगळ्यांनी मुकाट्याने चहा घेतला. तो पाकासारखा गोड झाला होता, पण तसं म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

दादाने कप ठेवला आणि घसा खाकरला. "अजून एक होतं, मावशी. आईबद्दल दोन शब्द तू बोलशील का? मला तिचं काही आठवत नाही. चिमीला तर नाहीच. बाबा माईकसमोर उभे राहायचे नाहीत."

"मला नाही जमायचं."

"अगं, दोनच शब्द."

"दोन नाही आणि एकही नाही. तुमच्या मुख्याध्यापिका बाई बोलतील की. त्यांना पगार मिळतो बोलण्याचा."

आत्या एवढ्यात सावरली होती. "मी म्हटलं होतं ना तुला," ती दादाच्या कानात म्हणाली, पण आत्याचं कुजबुजणं शेजारच्या घरापर्यंत जात असे. "तिला झोंबणार म्हणून म्हटलं होतं."

मावशी हात पुसून मागच्या कारखान्यात गेली.

कारखाना म्हणायचं एवढंच. दुकानामागची लांबट खोली, भिंतीला टेकून लाकडी घडवंचीत उभ्या केलेल्या काचा, मधोमध जाड कापड अंथरलेलं टेबल. ह्या खोलीत हात अंगाशी धरून चालायचं, हे घरातलं पोर बोलायच्या आधी शिकत असे. तिचा नवरा टेबलापाशी उभा होता. ठेवणीतला कोट घातलेला, आणि हातात ओलं फडकं. समोर पाटी होती.

तिने ती नीट पाहिली. तिला बघायचंच होतं. जाड, कडा घासून गोल केलेली काच, आणि तिच्यावर थोरलीचं नाव, सासरच्या आडनावासकट. अक्षरं आत कोरलेली होती. एकेका वळणावर कोरायचं चाक किती वेळा फिरलं असेल ते तिला कळत होतं, कारण काचवाल्यांच्या घरात तिचं आयुष्य गेलं होतं. हात थरथरू लागल्यापासून नवऱ्याने काच कापायचा हिरासुद्धा बारक्याच्या हवाली केला होता. गेला महिनाभर तो जेवल्यावर इथे येऊन बसत असे. ती चहा घेऊन आली की टेबलावर कापड ओढत असे. तिला वाटलं होतं, म्हातारा शाळेच्या खिडक्यांचं काही करतोय.

"सुंदर झालीय," ती म्हणाली.

"'र' जरा हलला."

"दिसत नाही."

"मला दिसतो." त्याने फडकं ठेवलं. "सांगणार होतो तुला. दादा म्हणाला, मी सांगतो."

"आणि दादाला वाटलं, आत्या सांगेल." ती हसली नाही. "हात थरथरतात म्हणून माझ्या कपाटाचा आरसा बसवायला तुम्हाला दोन वर्षं जमलं नाही."

तो गप्प राहिला. गप्प राहणं हे त्याचं जुनं हत्यार होतं, आणि त्याला अजून धार होती.

"माझ्यासाठी काय केलंत हो कधी? ह्या हातांनी?"

"तू आहेस की इथे," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. "तुझी पाटी कशाला लावायची?"

"म्हणजे मेल्याशिवाय मिळत नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. काही बोलणार एवढ्यात दादा खोक्यासाठी जुन्या चादरी घेऊन आला, आणि दोघंही पाटी गुंडाळायला लागली. एक कोपरा तिनेच धरला. सोडून द्यावा असं तिच्या मनात आलं का? आलं. पण तिने दुसरा हातही लावला.

शाळेच्या पटांगणात अख्खी वस्ती लोटली होती. इमारत खरोखर देखणी झाली होती. दुमजली, रुंद जिने, आणि प्रत्येक वर्गाला अशा मोठ्या खिडक्या की गोदामात डोळे फोडून शिकलेली माणसं आत जाऊन नुसती उजेडात उभी राहून येत होती. रंगाचा वास अजून गेला नव्हता. पोरांच्या बँडने एकच चाल तिसऱ्यांदा वाजवली. पाहुण्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि लोक खुर्च्यांवर टेकले. काचवाल्यांना पहिली रांग मिळाली होती. मावशीच्या एका बाजूला नवरा होता आणि दुसऱ्या बाजूला आत्या. आत्या मागे वळून ओळखीच्यांना "आमच्या भावजयीच्या नावाची खोली" असं सांगत होती. कुठल्या भावजयीच्या, ते लोकांनी समजून घ्यायचं.

मग मुख्याध्यापिका बाई बोलायला उठल्या. तरुण होत्या, नवीन होत्या, आणि तयारी करून आल्या होत्या.

"ज्यांच्या नावाने आपला बालवर्ग ओळखला जाणार आहे," त्या म्हणाल्या, "त्या बाईंना पाहण्याचं भाग्य मला लाभलं नाही. पण जुनी माणसं सांगतात, त्या अत्यंत शांत होत्या. सोशिक होत्या. त्यांचा आवाज कधी कुणी चढलेला ऐकला नाही. मुलांवर त्यांनी कधी हात उगारला नाही..."

मावशीने ते दोन शब्द तोंडातल्या तोंडात घोळवले. शांत! सोशिक! मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. आत्याच्या पलीकडे चिमी डोळ्यांना रुमाल लावत होती. दादाने मान खाली घातली होती. आणि नवरा, चाळीस वर्षं तिच्या हातचं जेवलेला तिचा नवरा, समोर टेकवलेल्या त्या पाटीकडे असा पाहत होता की मावशीला बसवेना.

ती उठली. दादाला वाटलं, ती चिडून घरी निघाली. पण ती पायऱ्या चढून थेट माईकपाशी गेली.

"बाई, तुम्ही बसा," ती म्हणाली. "मी सांगते."

बाई गोंधळून बाजूला झाल्या. माईक किंचाळला. तो गप्प होईपर्यंत मावशी थांबली.

"शांत नव्हती," ती म्हणाली. "माझी बहीण मुळीच शांत नव्हती. तिचा आवाज नाक्यापर्यंत ऐकू जायचा. आणि मारत नव्हती कोण म्हणतं? मला विचारा. माझ्या पाठीला विचारा."

कुठेतरी कुणीतरी खुदकन हसलं. दादाने डोक्याला हात लावला.

"ही बाई तुमच्या मुलांना आकडे शिकवायची. हिला सातचा पाढा येत नव्हता. मरेपर्यंत आला नाही. शाळेत हिची गणितं मी करून द्यायचे, हिच्याहून तीन वर्षांनी लहान असून. एकदा पकडली गेली, कारण मी चार उलटा काढायचे. मास्तरांनी विचारलं, हा चार कुणाचा? तर ही म्हणते, मास्तर, माझाच आहे, जरा आडवा पडलाय."

पटांगण हसलं. मावशीला ते हसू अपेक्षित होतं. देव्हाऱ्यातून खाली ओढायचंच होतं तिला. तिला जोर चढला.

"आणि धीट म्हणाल तर उंदराला घाबरायची. त्या गोदामात उंदीर मांजराएवढे. ही टेबलावर चढून शिकवायची. उंदीर दिसला की पोरांना म्हणायची, उठा, पाय आपटा! डावा, उजवा, डावा, उजवा! आणि त्याला नाव काय दिलं होतं? कवायत!"

"खरंय!" मागून वस्तीतला न्हावी उभा राहून ओरडला. त्याचे केस पार पिकले होते. "मी होतो त्या वर्गात! आम्हाला वाटायचं, सगळ्याच शाळांत टेबलावर चढून शिकवतात!"

आता हसू आवरेना. पाहुणे हसले, बँडवाली पोरं हसली, आत्याला ठसका लागला. दोन-तीन पिकली डोकी एकमेकांना कोपरं मारू लागली, आणि मागच्या रांगेत कुणीतरी खरंच पाय आपटले.

मावशीने ते ऐकलं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपला डाव उलटलाय. मघापर्यंत थोरली पाटीवर होती. आता ती पटांगणात होती. टेबलावर उभी, पदर खोचलेला, मोठ्याने ओरडत. मावशीला ती लख्ख दिसली. इतक्या वर्षांत ती अशी दिसली नव्हती. घरात पाऊल ठेवलं त्या दिवसापासून तिने बहिणीला शत्रू करून भिंतीवर टांगलं होतं, आणि बहीण म्हणून रडायचं राहूनच गेलं होतं.

"मला ती शेपूट म्हणायची," ती म्हणाली. हे सांगायचं तिने ठरवलं नव्हतं. "जाईल तिथे मी मागे. ती चपला हातात घेऊन पळायची, आणि मला तिला कधी गाठता आलं नाही."

अजून एक गोष्ट तिच्या जिभेवर होती. तीच सांगायला ती खरं तर उठली होती. तापाच्या आठवडाभर आधी थोरली माहेरी आली होती आणि गच्चीवर कपडे वाळत घालताना म्हणाली होती, "कंटाळले गं मी. ते घर, ती काच, ती पोरं. सगळीकडे हात अंगाशी धरून चालायचं. तू ये महिनाभर, मी निघून जाते कुठेतरी." हे एक वाक्य बोललं असतं तर पाटी लावायला कुणाचे हात पुढे झाले नसते.

तिने समोर पाहिलं. चिमी रुमाल विसरून, तोंड अर्धवट उघडं ठेवून ऐकत होती. लहानपणी तापात मावशीने गोष्टी सांगितल्या, तेव्हासुद्धा पोरीने असं तोंड केलं नव्हतं.

"एवढंच," मावशी म्हणाली आणि खाली उतरली.

टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. पाटी लागली, पडदा सरकला, लोकांनी पाहिलं, पण बोलत होते ते कवायतीबद्दल. बालवर्गाच्या नव्या बाकांवर बसून न्हावी आणि त्याच्या बरोबरीचे तिघे-चौघे उंदरांच्या आकारावरून वाद घालत होते. दादा गर्दीतून वाट काढत आला. त्याचे डोळे लाल होते आणि तो हसत होता. "सात नव्वे किती, हे मलाही अजून आठवावं लागतं," तो म्हणाला, जणू वारसा मिळाल्यासारखा. चिमीने मावशीचा हात धरला तो सोडलाच नाही. "अजून सांग ना. ती पळायची म्हणजे कुठे? कशासाठी? स्वभावाने चिडकी होती का? माझ्यासारखी?" मावशीला हात सोडवावासा वाटला आणि तसाच राहावा असंही वाटलं. पोरगी इतक्या जवळ आली होती ती कुणासाठी, हे तिला ठाऊक होतं.

बारक्या जिन्याखाली एकटाच उभा होता.

"छान केलंस," तो कडवटपणे म्हणाला. "उठलीस तिला खाली ओढायला, आणि खांद्यावर घेऊन नाचवलीस. आता वस्ती वर्षभर तिचंच नाव घेईल."

"घेऊ दे."

"आणि तू?"

"मी काय? मला घरी जाऊन कुकर लावायचाय," मावशी म्हणाली. पण त्याच्या कोटाची कॉलर नीट केली. सकाळपासून तिच्या बाजूने एकटाच तो बोलला होता.

परत जाताना ती आणि नवरा दोघंच चालत निघाली. दादाला आवराआवर होती, चिमी न्हाव्याच्या टोळक्यात अडकली होती, आणि आत्याला कुणाच्या तरी गाडीत जागा मिळाली होती. ऊन चढलं होतं. म्हातारा हळू चालत होता, आणि बंद दुकानांच्या काचांत दोघांची प्रतिबिंबं सरकत होती. कोपरा वळल्यावर तो थांबला. 

"चार वर्षं संसार केला तिच्याशी," तो म्हणाला. "एकदाही तिला पळताना पाहिलं नाही."

"तुमच्यासमोर कशाला पळेल?"

"गणितं तू करून द्यायचीस, हेही कधी बोलली नाही. मला वाटायचं, हुशार आहे. जरा भीतीच वाटायची तिची." तो पुन्हा चालू लागला आणि पुन्हा थांबला. "उंदरांना घाबरायची?"

"किंचाळायची."

"आपल्या कारखान्यात होते की. मला कधी सांगितलं नाही."

 मावशीने नवऱ्याकडे पाहिलं. महिनाभर डोळे फोडून ज्या बाईचं नाव त्याने काचेत कोरलं, ती त्याला ठाऊकच नव्हती. त्याच्याजवळ चार वर्षं होती आणि एक फोटो. आणि ही गोष्ट त्याला आज, भर पटांगणात, लोकांबरोबर हसता हसता कळली होती. त्याच्या तोंडावर जे होतं, आपल्या वाट्याला उरलंसुरलंच आल्याचं, ते मावशीने लगेच ओळखलं. रोज सकाळी वेणी घालताना ते ती आरशात पाहत आली होती.

"अजून सांग," तो म्हणाला. आवाज इतका मऊ होता की तिला तो लग्नाच्या पहिल्या दिवसांतही ऐकल्याचं आठवत नव्हतं. "काहीही सांग. अजून काय करायची ती? माझ्याबद्दल काही बोलली होती का कधी?"

गच्ची, वाळत घातलेले कपडे, ओल्या चादरीआडून आलेला थोरलीचा आवाज. सगळं जसंच्या तसं तिच्यापाशी होतं. तिने तोंड उघडलं असतं तर त्याला मिळालं असतं.

"नाही," मावशी म्हणाली.

"नाही म्हणजे? बोलली नव्हती?"

"नाही म्हणजे सांगणार नाही."

"का गं?"

"चार वर्षं तुमची होती. तेवढी पुरे झाली तुम्हाला." ती चालू लागली. "बाकीची माझी आहे."

तो भर उन्हात, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मागून त्याने एकदा हाक मारली, मग दुसऱ्यांदा. दुसऱ्या हाकेत विनवणी होती. मावशी मागे वळली नाही. तिने चपला हातात घेतल्या आणि पावलं जरा भराभर टाकायला सुरुवात केली.